पिस्टनच्या पुढं की मागं? छर्ऱ्याच्या बंदुकीचं तेल-ग्रीस, एका जॉबरच्या कपाटातून

माझ्या लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात आज घडीला नऊ बाटल्या, ट्यूबा आणि डब्या आहेत. सगळ्या ‘एअर गनला चालतंय’ म्हणून विकत घेतलेल्या, नाहीतर कुणीतरी हातात कोंबलेल्या. त्यातल्या तीन नेहमी लागतात. दोन पावसाळ्यात बाहेर निघतात. उरलेल्या चार मी बंदुकीच्या आसपास फिरकू देत नाही. त्यातली एक सध्या मोरीच्या दाराच्या बिजागरीला लागू आहे आणि तिथं तिचं काम झकास चाललंय.

कुठली बाटली घ्यावी, असं तिघा-चौघांनी विचारलं म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. आधी माझी पात्रता सांगतो. मी काही नेमबाज नव्हे. दहा मीटरवरनं माझा छर्रा कागदाला लागला तरी घरात पेढे वाटतील. मी इचलकरंजीत एकतीस वर्षं साध्या मागांवर जॉबर होतो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: कामगार माग चालवतो, आणि माग रुसला की जॉबर त्याची समजूत काढतो. तेलाशी माझी ओळख तिथली. आणि मागावर तेलाचा एक नियम पहिल्याच महिन्यात शिकवतात. गिअरला, बेअरिंगला, क्रँकला हात सैल सोड. पण कापडाच्या बाजूला आलास की हात आखड. एक थेंब कापडावर उडाला की डाग, डाग पडला की माल डागी, आणि माल डागी झाला की मालकाचं तोंड कडू. एकच यंत्र, पण त्याची एक बाजू तेलावर जगते आणि दुसरी तेलानं मरते.

एअर गनचंही अगदी तसंच आहे. हे कळायला मला एक बंदूक खराब करावी लागली, एवढंच.

ती बंदूक म्हणजे आयएचपी ३५. मी ज्यांच्याकडं कामाला होतो त्या मालकांनी कारखाना विकताना दिलेली. आयएचपी म्हणजे इंडियन ह्यूम पाइप. हो, तीच सिमेंटच्या पाइपांची कंपनी, वालचंद हिराचंदांनी १९२६ साली काढलेली. त्यांनी एके काळी छर्ऱ्याच्या बंदुकाही बनवल्या आणि ही ३५ जर्मन डायना ३५ च्या घाटाची आहे. नळी मोडून, म्हणजे सांध्यावर खाली वाकवून, कोंबायची (म्हणजे आतली स्प्रिंग दाबून अडकवायची), आत जाडजूड स्प्रिंग, पिस्टनच्या तोंडाला कातडी वॉशर. वजन असं की तासभर धरली तर दुसऱ्या दिवशी भाकरीचा तुकडा मोडताना खांदा ओरडतो. पण मला आवडते. तिच्यात माझ्या ओळखीचं नसेल असं काही नाही.

आमच्याकडं खंडेनवमीला मागाची, हत्यारांची, पाना-पकडींची पूजा होते. त्या वर्षी बंदूकही पाटावर ठेवली. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, नारळाचं पाणी, सगळं रीतसर. संध्याकाळी पुतण्यानं पूजा उतरवली आणि काकांची बंदूक ‘स्वच्छ करून ठेवू’ म्हणून शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेतली, नळी मोडली आणि मागच्या हवेच्या भोकात चांगलं अर्धं बोट तेल ओतलं. मग तेल ‘आत फिरावं’ म्हणून छर्रा घालून चाप ओढला.

लवंगी नव्हे, सुतळी बॉम्ब. नळीतनं निळसर धूर, घरभर जळक्या तेलाचा वास, आणि आमची आई देवघरातनं बाहेर. पोरगं खूश. म्हणालं, “काका, पॉवर वाढली ओ!” आणि मी येऊन हातातनं काढून घेईस्तोवर आणखी पाच बार काढले.

पॉवर खरोखर वाढली होती. खोटं कशाला सांगू. पुढं चार दिवसांत बंदूक फुसकी झाली. उघडली तर कातडी वॉशरची कड करपून भुगा झालेली आणि स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं तुटून आत खुळखुळत होतं. तेल वाईट नव्हतं, बरं का. तेच तेल आमच्या घरच्या मशीनला पंधरा वर्षं घालतोय. जागा चुकली.

होतं काय ते सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या बाटल्या आपोआप बाद होतात. सायकलचा पंप मारताना त्याचं तोंड अंगठ्यानं दाबून धरा. नळा गरम होतो. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, नुसती हवा इतकी दाबतात की डिझेल आपसूक पेटतं. स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढं धडकतो, हवा दाबली जाते आणि क्षणभर काहीशे अंशांपर्यंत तापते. त्या हवेत पातळ खनिज तेलाची वाफ असली की ती भडकते. याला डीझलिंगच म्हणतात. कातडी वॉशरच्या बंदुकीत थोडा धूर कायमच येतो, त्याला घाबरू नका. तेल घातल्यावर पहिल्या आठ-दहा बारांना हलका धूर यायचाच. पण कडाड आवाज आला की थांबायचं.

म्हणजे प्रश्न ‘कुठलं तेल चांगलं’ हा नाहीच. प्रश्न आहे, पिस्टनच्या पुढं की मागं? पुढं म्हणजे हवा दाबते ती बाजू. तिथं न पेटणारं आणि तेही नावापुरतं. मागं म्हणजे स्प्रिंग, घोड्याचे (चापाच्या आतल्या खटक्याचे) दात, लोखंडावर लोखंड घासतं ती बाजू. तिथं चिवट आणि दमदार.

आता बाटल्या.

पुढच्या बाजूला सिलिकॉन तेल, याला दुसरा पर्याय मी मानत नाही. ते सहजासहजी पेटत नाही आणि कातड्याला, साध्या रबराला खात नाही. सुरुवातीला मी जर्मन बनावटीची एअर गनच्या चेंबरसाठीची (चेंबर म्हणजे हवा दाबली जाते ती आतली जागा) म्हणून मिळणारी छोटी बाटली ऑनलाइन मागवली. बाटली कसली, डोळ्यात घालायच्या औषधाएवढी. कुठल्या साइटवरनं ते सांगत नाही, पण खोक्यात निम्मं तेल कागदानं प्यायलेलं निघालं आणि परतीसाठी त्यांनी मला ‘गळतीचा व्हिडिओ’ मागितला. गळून गेलेल्या तेलाचा व्हिडिओ कसा काढायचा, हे मला आजतागायत उमगलेलं नाही. उरलेलं तेल मात्र उत्तम. आणि बाटलीची खरी किंमत तिच्या सुईत होती. लांब बारीक सुईनं अचूक भोकात थेंब सोडता येतो. ती सुई मी जपून ठेवली आहे.

ते संपल्यावर पुतणीनं मार्ग दाखवला. तिच्या जिममध्ये ट्रेडमिलच्या पट्ट्याखाली जे तेल सोडतात ते शुद्ध सिलिकॉन असतं. बाटलीवर ‘शंभर टक्के सिलिकॉन’ असं स्पष्ट लिहिलेलंच घ्यायचं, कारण काही बाटल्यांत इतर काहीबाही मिसळलेलं असतं. त्या जर्मन बाटलीच्या निम्म्या पैशात दहापट तेल. मी दोन वर्षं तेच वापरतोय. रंग नाही, वास नाही, कडाड नाही. आयएचपीला दर तीन-चारशे छर्ऱ्यांमागं दोन थेंब. नळी मोडून भोकात सोडायचे आणि बंदूक रात्रभर नळी वर करून कोपऱ्यात उभी ठेवायची, म्हणजे तेल उतरून कातड्याला भिनतं. सकाळी कातडं पोळीच्या कणकेसारखं मऊ. नव्या बंदुकांना कातड्याऐवजी सिंथेटिक सील असतो. त्याला एवढीही तहान नसते. वर्षात एक थेंब घातला नाही तरी तो तक्रार करत नाही. उलट दर रविवारी थेंब घालणारे हौशी लोकच त्याला मारतात.

सिलिकॉनचा फवारा मात्र घेऊ नका. डॅशबोर्ड चमकवायचा डबा असतो ना, त्यावर सिलिकॉन असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. पण डब्यातनं ते बाहेर ढकलायला बहुतेक ज्वलनशील गॅस नाहीतर सॉल्व्हंट भरलेला असतो. चेंबरमध्ये तो मारणं म्हणजे पुतण्याचीच गोष्ट पुन्हा, फक्त सुवासिक.

सिलिकॉनला दोन खोडी आहेत, त्याही ऐका. एक म्हणजे लोखंडावर लोखंड दाबून घासलं की ते टिकत नाही, बाजूला सरकतं. मी सुरुवातीला उत्साहानं स्प्रिंगलाही तेच लावलं, तर बंदूक कोंबताना बैलगाडीच्या आखासारखी कुरकुरली. दुसरी खोड म्हणजे ते जिथं लागतं तिथनं जात नाही. दस्त्याच्या लाकडाला बोटं लागली होती. पुढं त्यावर पॉलिश मारलं तर नेमक्या बोटांच्या जागी पॉलिश धरेना, माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडली. प्रोसेसवाल्यांना हे पाठ आहे, कापडाला सिलिकॉन लागलं की त्या जागी रंग चढत नाही. मला आधी आठवायला हवं होतं. आता बंदुकीच्या कामाला वेगळं फडकं आणि दस्ता आधी उतरवून बाजूला.

मागच्या बाजूला मॉली. मॉलिब्डेनम डायसल्फाइड, शिशासारखी काळी-करडी पूड, पेस्टमध्ये घोटलेली. मी मोलिकोटची ट्यूब वापरतो. ती एअर गनच्या दुकानात शोधत बसू नका, बेअरिंगच्या दुकानात मिळते. आमच्या नेहमीच्या दुकानदारानं ट्यूब पुढं सरकवत विचारलं, “जॉबर, निवृत्त झालासा न्हवं? आता ही कशाला?”

“बंदुकीला.”

तो पैसे मोजायचा थांबला. “कुणावर राग हाय?”

महाग आहे, हे आधीच सांगतो. पण एक ट्यूब आयुष्यभर पुरेल. माझी चार वर्षांपूर्वीची आहे आणि अजून दाबायला निम्मीही गेलेली नाही. पिस्टनच्या अंगाला, जिथं तो नळकांड्याला घासतो तिथं, बोटानं असा हात फिरवायचा की रंग दिसावा पण थर दिसू नये. स्प्रिंगला तेवढंच. घोड्याच्या दातांना टूथपिकच्या टोकावर मावेल इतकंच. पिस्टनच्या तोंडाला, वॉशरच्या पुढं, अजिबात नाही. मॉली धातूच्या बारीक चऱ्यांत जाऊन बसते आणि पेस्टचं तेल सुकलं तरी ती तिथंच राहते. आमच्या आयएचपीचा चाप आधी विहिरीच्या रहाटासारखा ओढावा लागायचा. आता पहिला टप्पा सरकतो, भिंत लागते, मग सुटतो. पैसे वसूल झाले ते इथं. एकच काळजी घ्या, पांढरा सदरा घालून हे काम करू नका. त्या सदऱ्याला आमच्या घरात आता ‘बंदुकीचा सदरा’ म्हणतात.

मॉली परवडत नसेल तर गाड्यांच्या एक्सल जॉइंटचं काळं ग्रीस आहे. सीव्ही जॉइंटचं म्हणून मागा, स्पेअर पार्टवाल्याला बरोबर कळतं. त्यातही मॉली असते, पण चिमूटभर. बाकी सगळं साधं ग्रीस. स्प्रिंगला ते चांगलंच चालतं, स्प्रिंगचा ‘टण्ण’ असा जो आवाज घुमतो तोही थोडा दबतो. पण ते सरकत सरकत पिस्टनच्या पुढं गेलं की तेही पेटतं, म्हणून हात आखडाच. एकानं त्याचं आख्खं पिस्टन शिऱ्यात बुडवल्यासारखं ग्रीसनं माखलं होतं. कोंबायला जड, सुटायला मंद, आणि आठवडाभर धूर.

उघडायची गोष्ट निघालीच आहे तर एक वाक्य. आतली स्प्रिंग आधीच दाबून बसवलेली असते, मागचा बोळा मोकळा केला की ती तोंडावर येते. सुताराचा लांब शिकंजा नसेल तर उघडू नका. आणि जुनं ग्रीस रॉकेलनं धुतलंत तर भाग उन्हात पूर्ण वाळवा. ओलसर रॉकेल चेंबरमध्ये राहिलं तर पहिल्या बाराला काय होईल, ते आता वेगळं सांगायला नको.

शिलाई मशीनचं तेल मग बाद का? नाही. नळी मोडते तिथल्या खिळ्याला, कोंबायच्या दांडीच्या सांध्याला, स्क्रूंच्या डोक्यांना ते छान आहे. पातळ, स्वच्छ, डाग पडत नाही, आणि नाक्यावर मिळतं. सांध्याला एक थेंब, फडक्यानं पुसायचं. फक्त भोकाकडं बघायचं नाही.

माझं खरं शिक्षण मात्र फुग्यांच्या गाड्यावर झालं. जत्रेत बंदुकीनं फुगे फोडायचा गाडा लावणारे एक मामा आहेत. त्यांच्या पाच बंदुका मी बघतो, पैसे घेत नाही, पोरांना फुकट छर्रे मिळतात. या बंदुकांइतकी कसोटी कुठल्याही स्पर्धेच्या बंदुकीची होत नसेल. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर त्या दिवसभर वाजतात, हजारो बार, आणि वरनं गुलाल. गुलालाचं काय करायचं सांगा? तो तेल शोधत येतो. पहिल्या वर्षी मी मोठ्या मायेनं पाचही बंदुका बाहेरनं तेलानं चकचकीत करून दिल्या. परत आल्या त्या गुलाबी लोणच्यासारख्या. सांध्यासांध्यांत तेल आणि गुलालाचा चिखल, आणि तो चिखल दोन भागांमध्ये गेला की कानसच. आता जत्रेच्या बंदुका मी बाहेरनं कोरड्या देतो. सांध्याला मॉलीचा हात, बाकी कोरडं फडकं. मामांना आधी वाईट वाटलं, “चमक न्हाई राव.” पण दोन वर्षांत एकाही बंदुकीचा सांधा ढिला झालेला नाही.

मामांचं स्वतःचं वंगण होतं खोबरेल तेल. डोक्याला लावून उरलेलं बंदुकीला. बार काढला की खोबरं भाजल्याचा वास यायचा. गिऱ्हाईक बिचारं शेजारच्या भेळवाल्याकडं बघायचं. कातडं खोबरेलानं मऊ होतं हे खरं. पण हे तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठतं. पौष-माघातल्या गावजत्रांना सकाळी बाटलीत जसं पांढरं घट्ट होतं तसंच बंदुकीतही, आणि मग पहिल्या गिऱ्हाइकाचा छर्रा फुग्याला लागून खाली पडतो. फुगा तसाच. मामा म्हणायचे, “नेम चुकला.” शिवाय ते जुनं झालं की खवट आणि चिकट. मी त्यांची ती बाटली काढून घेतली.

जोर कमी-जास्त झाला हे कळायला माझ्याकडं मोजायचं यंत्र नाही. मी कपडे धुवायच्या साबणाची वडी ठेवतो, तीन पावलांवरनं एक छर्रा, मग काडी घालून खोली बघतो. तेल-पाणी करायच्या आधी एक आणि दोनशे छर्ऱ्यांनंतर एक, त्याच वडीत. वडी ताजी-सुकी असा फरक पडतो, म्हणून शास्त्र म्हणून मिरवत नाही. पण पाच बंदुकांतली आजारी कुठली, ते वडी बरोबर सांगते. आणि साबण वाया जात नाही, छर्रा काढून मोरीत जातो.

आता पुतणीची रायफल. तिथं माझी सगळी गावठी अक्कल दाराबाहेर ठेवावी लागली. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला कांस्य घेतलं, आणि आमच्या भागातल्या घराघरांत एक तरी पोर ‘मला शूटिंगला घाला’ म्हणून बसलं. (त्याची ती पन्नास मीटरची रायफल काडतुसाची .२२, हवेची नव्हे. पण पोरांची सुरुवात दहा मीटरच्या हवेच्या रायफलपासूनच होते.) तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली तेव्हाही अशीच लाट आली होती. आमची पुतणी या नव्या लाटेतली. क्लबची जुनी जर्मन मॅच रायफल ती वापरते.

या रायफलीत स्प्रिंग-पिस्टन नाही. पुढं सिलिंडर, त्यात दोनशे बारपर्यंत (इथं बार म्हणजे दाबाचं माप) भरलेली हवा, आणि चाप ओढला की मोजून तेवढीच हवा सुटते. दहा मीटरवरच्या निशाण्यातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, ज्वारीच्या दाण्यापेक्षा कितीतरी लहान. त्यामुळं प्रत्येक बाराला हवा सारखी सुटली पाहिजे. अशा यंत्राला जॉबरनं ‘जरा तेल सोडून बघू’ म्हणणं म्हणजे घड्याळजीच्या दुकानात घण घेऊन जाणं.

एके दिवशी सिलिंडर बसवतो तिथनं ‘सूऽऽ’ असा बारीक आवाज यायला लागला. क्लबातल्याच एका पोरानं कळवळ्यानं गन ऑइलची बाटली काढली. कोच सरांनी ती वरच्या वर पकडली, आणि एरवी अतिशय मवाळ असलेला माणूस इतका चढ्या आवाजात बोलला की सगळी रेंज थांबली. कारण असं आहे, स्प्रिंगच्या बंदुकीत तेल पेटलं तर वॉशर जळतो. इथं दोनशे बार दाबाची हवा. एवढ्याशा जागेत कोंबलेला भरपूर ऑक्सिजन. भरताना हवा झपकन आत शिरली की तापते, आणि तिथं खनिज तेल किंवा ग्रीस असलं तर जे होतं त्याला पॉवर वाढली म्हणत नाहीत, स्फोट म्हणतात. म्हणून भरायचं ते सावकाश. आणि हातपंपानं भरत असाल तर पंपालाही हाच नियम, त्याच्या दांड्याला सायकलच्या पंपासारखं साधं तेल लावायचं नाही.

इथं एकच वस्तू चालते, शुद्ध सिलिकॉन ग्रीस. मी मोलिकोट १११ आणलं. पांढरट, पारदर्शक, दिसायला घट्ट साईसारखं. ओ-रिंगवर, म्हणजे सांध्यातनं हवा गळू न देणाऱ्या रबरी कडीवर, बोटाच्या पेराला लागलेलं जेवढं उरतं तेवढंच फिरवायचं. रिंग ओली दिसावी, मळलेली दिसू नये. साध्या काळ्या नायट्राइल रिंगांना ते उत्तम. रिंग स्वतःच सिलिकॉन रबराची असेल तर मात्र नको, ती फुगते. ट्यूब शंभर ग्रॅमची, आणि क्लबातल्या सगळ्या रायफलींना मिळूनही ती पोर कॉलेजला जाईपर्यंत संपणार नाही. विकत घ्यायचीच तर चार पालकांनी मिळून घ्या.

आता प्रामाणिकपणे सांगतो, आमचा ‘सू’ ग्रीसनं दोनच दिवस थांबला. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. मग सिलिंडर उतरवून रिंग भिंगाखाली पाहिली तर तिला नखानं ओरखडल्यासारखा काप होता. नवी रिंग घातली, काम झालं. कोरड्या रिंगला ग्रीस हे औषध आहे. फाटलेल्या रिंगला ते नुसतं सांत्वन. आणि सिलिंडरवर मुदतीची तारीख कोरलेली असते, ती उलटून गेली असेल तर कुठलंही ग्रीस तिला पुढं ढकलत नाही. आतला दाब-नियंत्रक, झडपा यांना मी हात लावत नाही. तिथं माझं शिक्षण संपतं.

राहिला पावसाळा. आमच्याकडं जून ते सप्टेंबर कपाटातल्या पत्रिकेलाही बुरशी येते, तिथं नळीचं काय. आणि गंजाचं मुख्य कारण पाऊस नसतोच, घामाचा हात असतो. काही मुलांचा घाम असा असतो की आज धरलं, उद्या बोटांचे ठसे तांबडे. यासाठी मी दोन गोष्टी ठेवतो. डब्ल्यूडी-४० चा डबा भिजलेल्या बंदुकीसाठी. त्याच्या नावातच सगळं आलंय, पाणी हटवणारं, चाळिसावा प्रयोग; १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला ते गंज रोखायला बनवलं गेलं. पाणी हटवतं, जाम झालेला स्क्रू सोडवतं, मग मी पुसून टाकतो. वंगण म्हणून त्याच्यावर विसंबत नाही, आणि चेंबरजवळ तर नेतच नाही; कारण तेच, पुढची बाजू.

मग बाहेरच्या लोखंडाला बॅलिस्टॉलचा पातळ हात. हे जर्मन तेल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या सैन्यासाठी निघालं. लोखंड, लाकूड, कातडं तिन्हीला चालावं असा त्यांचा विचार. वास बडीशेपेच्या कुळातला. आमच्या आईला आवडतो, बायकोला मळमळतं, त्यामुळं हे काम मी तिची भिशी असेल त्या दिवशी करतो. फडक्यावर दोन फवारे, नळीवर एक हात, दुसऱ्या कोरड्या फडक्यानं पुसायचं. महाग आहे आणि सगळीकडं मिळत नाही. मिळालं नाही तर शिलाई मशीनचंच तेल दर पंधरा दिवसांनी पुसत राहिलात तरी नळी टिकते; माझ्या आयएचपीची चाळीस वर्षं तशीच गेली असणार. बॅलिस्टॉलही खनिज तेलाचंच, तेव्हा तेही भोकात नाही.

आणि हो, खंडेनवमीला अजून पूजा करतो. हळद-कुंकू आता बंदुकीला नाही, तिच्याखालच्या पाटाला. नारळाचं पाणी दुरूनच. आईनं आधी कुरकुर केली, मग पुतण्याचा बार आठवून गप्प बसली.

तर विकत काय घ्यावं? स्प्रिंगची बंदूक असेल तर ट्रेडमिलचं शुद्ध सिलिकॉन तेल आणि मॉलीची ट्यूब. बाकी घरातलं शिलाई मशीनचं तेल आहेच. सिलिंडरची असेल तर सिलिकॉन ग्रीस, बस. ‘एअर गन केअर किट’ म्हणून खोक्यात घालून विकतात ते मी एक घेतलं होतं. त्यातला ब्रश बरा निघाला. तेलाच्या कुपीवर ते कशाचं बनलंय हेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून ती बिजागरीला.

मागच्या महिन्यात फुग्यांच्या मामांना ट्रेडमिलच्या तेलाची बाटली भरून दिली, त्या जर्मन बाटलीची जपलेली सुई लावून. त्यांनी दोन थेंब तळहातावर घेतले, चोळले, वास घेतला. वास नाही म्हटल्यावर जरा नाराज झाले. मग हात सवयीनं डोक्याकडं गेला आणि मध्येच थांबून त्यांनी मला विचारलं, “जॉबर, हे केसाला चालतंय का ओ?”

मी नाही म्हणणार, तेवढ्यात पुतणी मोबाइलमधनं मान वर न करता म्हणाली, “मामा, हेअर सीरममध्ये हेच असतंय.”